वृद्ध मांजराचें पथ्यपाणी

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय मीं मित्रमंडळींत सांगितला, तेव्हां त्यांपैकीं एकानें मिस्किलपणें विचारलें, "मांजराच्या आहारावर भाषण? शिंकें तुटलें कीं बोक्याचें पोट भरलें. त्यांत सांगावयाचें तें काय?" प्रश्न थट्टेचा होता, परंतु त्यांत आपणां सर्वांची एक जुनी समजूत दडलेली आहे. मांजर हें आपलें पोट आपण भरणारें जनावर, आपण दिलें तर दूधभात, न दिलें तर चोरी, अशी ती समजूत होय. तरुण मांजराच्या बाबतींत ती बहुधा खपून जाते. परंतु तेंच मांजर दहा-बारा वर्षांचें झालें, म्हणजे ती समजूत त्याच्या जिवावर बेतूं लागते. ही गोष्ट मला प्रथम कोणत्याही ग्रंथानें शिकविली नाहीं. घरच्या मांजरीनें शिकविली, आणि ती शिकवणूक तिला फार महाग पडली. म्हणून तिच्या हकीकतीपासूनच आरंभ करतों.

आमची मनी पुण्यांतील आमच्या जुन्या वाड्यांत एका पावसाळ्यांत आली, तेव्हां ती माझ्या ओंजळींत मावत होती. घर शाकाहारी. सकाळीं बशीभर दूध, दुपारीं दूधभात, रात्रीं दुधांत कुस्करलेली पोळी, असा तिचा नेम माझ्या आत्यानें घालून दिला आणि तो नऊ वर्षें अखंड चालला. मनी अंगानें तुकतुकीत होती, चपळ होती, आणि "दूधभातावर कशी पोसली आहे पाहा," असें आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानें सांगत असे. पुढें वाडा पाडला गेला आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहावयास गेलों. मनीचा नेम तोच राहिला. मात्र त्याला बाजारांतून आणलेल्या कोरड्या दाण्यांची चिमूटभर जोड मिळूं लागली. असें असूनही पुढील चार वर्षांत ती वाळत गेली. पाठीचा कणा हाताला टोचूं लागला, केंस रुक्ष झाले, एका उडींत खिडकी गांठणारी मांजरी खुर्चीखालीं निजून राहूं लागली. तिच्याकडे पाहून आम्ही सर्वजण एकच वाक्य म्हणत होतों : "आतां वय झालें."

शेवटीं तिनें दीड दिवस बशीला तोंड लावलें नाहीं, तेव्हां तिला पशुवैद्यांकडे नेलें. त्यांनीं प्रथम तिला तराजूवर बसविलें. वजन भरलें २ किलो ६०० ग्रॅम. लस टोंचल्याच्या जुन्या कार्डावर सात वर्षांपूर्वींचें वजन होतें ३ किलो ८०० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश मनी आमच्या डोळ्यांदेखत नाहींशी झाली होती, आणि आम्ही तिला रोज मांडीवर घेत होतों! मी म्हणालों, "डॉक्टर, वय झालें आहे तिचें." ते शांतपणें म्हणाले, "वय हा रोग नव्हे. ती खात काय होती तें सांगा." मीं दूधभाताचा पाढा वाचला. तो पुरा ऐकून घेऊन त्यांनीं विचारलें, "आणि जुन्या वाड्यांत उंदीर होते का?"

त्या एका प्रश्नानें माझे डोळे उघडले. वाड्यांत उंदीर होते, पाली होत्या, माळ्यावर चिमण्यांचीं घरटीं होतीं. नऊ वर्षें मनीला आम्ही पोसलें अशी आमची समजूत होती. वस्तुतः तिला वाड्यांतल्या उंदरांनीं पोसलें होतें, आणि आमचा दूधभात हा त्या जेवणावरचा केवळ मुखवास होता. तिसऱ्या मजल्यावर उंदीर नव्हते. तेथें आमच्या दूधभाताची खरी परीक्षा झाली आणि तींत तो नापास झाला.

श्रोतेहो, मांजर हा मांसाहारी प्राणी आहे हें आपणांस ठाऊक असतें. परंतु तो किती निरुपायानें मांसाहारी आहे, हें फारसें ठाऊक नसतें. कुत्रा वेळप्रसंगीं भाकरीवर निभावून नेतो. मांजराच्या शरीराची घडण तशी नाहीं. टॉरीन नांवाचें एक द्रव्य त्याला लागतें. आपल्या शरीरांत तें पुरेसें तयार होतें; मांजराच्या शरीरांत होत नाहीं, आणि वनस्पतींत तें जवळजवळ नसतेंच. तें मिळालें नाहीं तर मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजतो, हें अमेरिकेंतील संशोधकांनीं १९७५ सालीं दाखवून दिलें. आणि त्याच उणिवेमुळें हृदयाचे स्नायु ढिले पडून हृदय फुगतें, हें १९८७ सालीं सिद्ध झालें. गाजरांतल्या पिवळ्या रंगापासून आपण ‘अ’ जीवनसत्त्व बनवितों. मांजराला तें बनवितां येत नाहीं, त्याला तें मांस, अंडें, यकृत यांतून आयतेंच मिळावें लागतें. एवढेंच काय, मांजराच्या जिभेला गोडाची चवसुद्धां नाहीं. ती चव घेण्यास लागणारा एक जनुक मांजराच्या कुळांत निकामी झालेला आहे, असें २००५ सालीं आढळून आलें. तेव्हां आपलें मांजर बासुंदीवर तुटून पडलें, तर तें साखरेसाठीं नव्हे, सायीसाठीं!

दुधाची गोष्टही अशीच आहे. डोळे मिटून दूध पिणारें मांजर आपल्या म्हणींत इतकें पक्कें बसलें आहे, कीं दूध हें त्याचें नैसर्गिक अन्न होय याविषयीं कोणाला शंकाच येत नाहीं. तें अन्न आहे खरें, पण पिलाचें. पिलूं आईच्या अंगावरून सुटलें, म्हणजे दुधांतील साखर पचविण्याची शक्ति त्याच्या आंतड्यांतून हळूहळू कमी होत जाते. मोठ्या मांजरांपैकीं पुष्कळांना दुधानें पोट ढाळतें; तरुण मांजर तें सोसून नेतें, परंतु वृद्ध मांजराच्या अंगांतलें पाणी त्या ढाळण्यानें निघून जातें, आणि पाणी हीच तर त्याच्या म्हातारपणांतली सर्वांत मोलाची वस्तु.

तें कसें, हें सांगतों. आपलीं पाळीव मांजरें हीं पश्चिम आशियांतील रानमांजरांचे वंशज आहेत, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून ठरलें आहे. तो प्रदेश रुक्ष आणि वाळवंटी. तेथल्या मांजराला तळें-विहीर कोठून मिळणार? त्याचें पाणी त्याच्या भक्ष्यांतच असे. उंदराच्या अंगांत शेंकडा सुमारें ७० भाग पाणी असतें. म्हणून मांजराला तहान कमी लागते आणि त्याचीं मूत्रपिंडें पाण्याचा थेंब न् थेंब राखून ठेवतात. आतां हिशेब करून पाहा. ४ किलो वजनाच्या मांजराला दिवसाला अन्न व पाणी मिळून सुमारें २०० मिलिलिटर पाणी लागतें. ओलें अन्न २५० ग्रॅम खाल्लें, तर त्यांतूनच तें बहुतेक भरून निघतें. तेवढेंच पोषण देणारे कोरडे दाणे सुमारें ६० ग्रॅम होतात, आणि त्यांत पाणी असतें तें चमचाभर. उरलेलें मांजरानें पिऊन भरून काढावें अशी आपली अपेक्षा. पण त्याला तहानच कमी! म्हातारपणीं मूत्रपिंडें थकूं लागतात, पाणी राखण्याची त्यांची शक्ति उणावते, आणि हा तोटा वाढत जातो. म्हणून वृद्ध मांजराच्या आहाराचा पहिला नियम हा, कीं अन्न ओलें असावें. कोरडे दाणेच द्यावयाचे असतील, तर ते कोमट पाण्यांत भिजवून मऊ करून द्यावे; दात दुखणाऱ्या म्हाताऱ्याला तें सोयीचेंही पडतें. मात्र भिजविलेलें अन्न आपल्या उन्हाळ्यांत लवकर आंबतें, म्हणून अर्ध्या-पाऊण तासानें ताटली उचलावी.

दुसरा नियम प्रथिनांचा. म्हाताऱ्याला हलकें जेवण द्यावें, ही आपली रीत. तिला अनुसरून पुष्कळ प्रेमळ माणसें मांजर म्हातारें झालें कीं मांस कमी करून भात वाढवितात. येथें आपण चुकतों. मध्यम वयांत, सात-आठ ते दहा वर्षांपर्यंत, मांजर सुस्त होऊन लठ्ठ होण्याकडे झुकतें. तेव्हां ताटावर नजर ठेवावी हें बरोबर. परंतु अकरा-बारा वर्षांनंतर उलट घडूं लागतें. पुष्कळ वृद्ध मांजरांची स्निग्ध पदार्थ पचविण्याची शक्ति कमी होते, कांहींची प्रथिनें पचविण्याचीही. म्हणजे तेवढेंच खाऊन अंगीं कमी लागतें, आणि शरीर आपलेच स्नायु मोडून खाऊं लागतें. कण्याच्या दोहों बाजूंचें मांस प्रथम झडतें तें यामुळें. निरोगी वृद्ध मांजराला चांगलें, पचण्यास सोपें मांस कमी नव्हे, भरपूर हवें.

प्रमाण किती, असें आपण विचाराल. ४ किलोच्या मांजराला दिवसाला सुमारें २०० ते २५० उष्मांक लागतात. एका उंदरांत सुमारें ३० उष्मांक असतात असें धरलें, तर हे सात-आठ उंदीर झाले. शिजविलेल्या कोंबडीच्या १०० ग्रॅम मांसांत सुमारें १६०, आणि एका अंड्यांत सुमारें ७० उष्मांक मिळतात. यावरून घरचा अंदाज बांधतां येईल. परंतु येथें एक इशारा देणें अवश्य आहे. मांजर उंदीर खातें तेव्हां मांसाबरोबर हाडें, यकृत, रक्त, सर्वच खातें. नुसतें मांस दिलें तर चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडून हाडें ठिसूळ होतात. नुसती कलेजी दिली तर ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेचे मणके एकमेकांस जखडतात. यासाठीं रोजच्या आहाराचा पाया मांजरासाठीं बनविलेल्या ‘संपूर्ण व समतोल’ अशा ओल्या अन्नाचा असावा आणि घरचें मांस त्यास जोड म्हणून असावें. सर्वच घरीं करावयाचें असेल, तर पशुवैद्यांकडून त्यांत घालावयाचीं द्रव्यें ठरवून घ्यावीं. कोंबडी पाण्यांत शिजविली, तर टॉरीन त्या पाण्यांत उतरतें. तें पाणी मोरींत ओतूं नये, निववून अन्नावर घालावें. कुत्र्याचें अन्न मांजराला देऊं नये, कारण त्यांत मांजरापुरतें टॉरीन असेलच असें नाहीं.

आमच्या घरांत खरा पेंच येथेंच पडला. पशुवैद्यांचा निरोप घरीं सांगितला तेव्हां आत्या गप्प झाली. तिनें जन्मांत अंडें घरांत येऊं दिलें नव्हतें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर मी भीत भीत म्हणालों, "आत्या, तुला पटणार नाहीं, पण..." तिनें मला पुढें बोलूं दिलें नाहीं. "अरे, मी नऊ वर्षें लोकांना सांगत सुटलें कीं ही माझ्या दूधभातावर पोसली. ती उंदरांवर पोसत होती हें मला दिसत होतें; मी पाहत नव्हतें. देवानें तिला सुळे दिले ते वरणभातासाठीं दिले नाहींत, एवढें मला कळतें. माझ्या ओट्यावर मात्र नको." दुसऱ्या दिवशीं मागच्या गॅलरींत विजेची लहान शेगडी, एक पातेलें आणि एक ताटली वेगळी मांडली गेली. आत्या त्या गॅलरींत पाऊल टाकीत नसे, पण "मनीनें खाल्लें का?" हा प्रश्न ती स्वतः पानावर बसण्यापूर्वीं विचारी. अनेक शाकाहारी घरांत हा पेंच असेल, म्हणून सांगतों. मांस शिजविणें नकोच असेल, तर तयार ओल्या अन्नाचीं पाकिटें मिळतात. परंतु मांजर पाळावयाचें आणि त्याला आपलें व्रत पाळावयास लावावयाचें, हें मात्र न्याय्य नव्हे. व्रत हें आपण घेतलेलें असतें; मांजरानें नाहीं.

आतां काय वाढावें याइतकेंच कसें वाढावें हेंही महत्त्वाचें आहे. मांजर दिवसांतून पुष्कळदां थोडें थोडें खाणारें जनावर आहे. वृद्ध मांजराला दोन मोठ्या जेवणांऐवजीं चार-पांच लहान जेवणें द्यावीं. त्याचें नाक मंदावलेलें असतें, आणि ज्याचा वास येत नाहीं तें अन्न मांजराला अन्न वाटतच नाहीं. फ्रिजमधून काढलेलें थंडगार मांस वृद्ध मांजर हुंगून सोडून देतें आणि आपण म्हणतों, "भूक मेली." तेंच अन्न गरम पाण्याच्या भांड्यांत ठेवून अंगाइतकें कोमट केलें, तर वास सुटतो आणि भूक जागी होते. शिकार गरम असते, हें विसरूं नये. ताटली पसरट असावी, म्हणजे मिशा कांठाला घासत नाहींत. ती जमिनीपासून चार बोटें उंच, पाटावर ठेवावी. याचें कारण सांधे. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत बारा वर्षांवरील १०० मांजरांचीं क्ष-किरण चित्रें तपासलीं, त्यांत ९० मांजरांचे सांधे झिजलेले आढळले. मांजर लंगडत नाहीं, कण्हत नाहीं. तें फक्त उडी मारणें सोडून देतें. अशा मांजराचें अन्न उंच कट्ट्यावर ठेवणें म्हणजे त्याला उपाशी ठेवणेंच होय. पाणी ताटलीच्या शेजारीं न ठेवतां घरांत दोन-तीन ठिकाणीं, मातीच्या परळांत किंवा रुंद वाडग्यांत ठेवावें आणि दिवसांतून दोनदां बदलावें.

कांहीं गोष्टी मुळींच देऊं नयेत. कांदा आणि लसूण हे मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. म्हणून आपल्या रश्श्यांतला मासा धुऊनसुद्धां देऊं नये, मांजरापुरता अळणी, कांदा-लसणाविना वेगळा शिजवावा. सुकट, खारे बोंबील यांत मिठाचा मारा असतो. थकलेल्या मूत्रपिंडांना तो नको. कांहीं जातींच्या कच्च्या माशांत ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारें द्रव्य असतें. शिजविल्यानें तें निकामी होतें, म्हणून मासा शिजवून व कांटे काढूनच द्यावा. शिजविलेलीं हाडें फुटून टोंकदार होतात, तीं देऊं नयेत. आणि मांजर मलूल दिसलें म्हणून आपल्या औषधांच्या डब्यांतली पॅरासिटामॉलची गोळी तर स्वप्नांतही देऊं नये. अर्ध्या गोळीनेंही त्याचा प्राण जाऊं शकतो.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम वेगळी सांगतों, कारण ती आपल्या परंपरेच्या अगदीं उलट आहे. लंघन हें आपल्याकडे श्रेष्ठ औषध मानलें आहे. मांजराच्या बाबतींत तें घातक आहे. मांजरानें, विशेषतः लठ्ठ मांजरानें, दोन-तीन दिवस कांहीं खाल्लें नाहीं, तर अंगांतली चरबी यकृतांत येऊन सांचते आणि यकृत बंद पडूं लागतें. "भूक लागली कीं खाईल," हें वाक्य मांजरासमोर उच्चारूं नये. वृद्ध मांजरानें एक दिवस तोंडांत कांहीं घेतलें नाहीं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां पशुवैद्य गांठावा. याच कारणासाठीं नवें अन्न एकदम सुरू करूं नये. जुन्यांत थोडें थोडें मिसळत आठ-दहा दिवसांनीं पुरें बदलावें.

परंतु श्रोतेहो, एवढें सर्व केलें तरी एक साधन हाताशीं नसेल तर तें अपुरें आहे. तें साधन म्हणजे तराजू. आजार लपविणें हा मांजराचा जन्मजात स्वभाव आहे. रानांत जो दुबळा दिसला तो संपला. त्यामुळें तें तक्रार करीत नाहीं. त्याचें वजन मात्र खोटें बोलत नाहीं. महिन्यांतून एका ठराविक दिवशीं मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभें राहावें, मग एकट्यानें उभें राहावें, आणि दोहोंतली वजाबाकी भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवावी. लहान मुलांचा काटा मिळाला तर अधिक चांगलें. ४ किलोच्या मांजराचें वजन ४०० ग्रॅमनीं घटलें, तर तें साठ किलोच्या माणसाचें सहा किलोंनीं घटण्यासारखें आहे. माणसाच्या बाबतींत आपण डॉक्टरांकडे धांवूं. मांजराच्या बाबतींत तें आपल्याला दिसतही नाहीं, कारण केंस सर्व झांकून टाकतात. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचें निदान होण्याच्या तीन वर्षें आधींपासून मांजराचें वजन उतरूं लागतें, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. तीन वर्षें, श्रोतेहो! तेवढा अवधि तराजू आपल्याला देतो आणि आपण "वय झालें" म्हणून तो घालवितों.

वजन उतरत असतां भूक मात्र वाढलेली, हेंही आनंदाचें लक्षण नव्हे. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि भडकल्यानें वृद्ध मांजर सारखें खातें आणि तरी वाळतें. हा विकार मांजरांत १९७९ सालीं प्रथम नीट ओळखला गेला आणि त्यावर आज चांगले उपचार आहेत. मधुमेहांतही असेंच होतें. मांजर एकाएकीं पुष्कळ पाणी पिऊं लागलें, तर "चला, पाणी पितें आहे" म्हणून संतोष मानूं नये. तो मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा इशारा असतो. घांस घेऊन टाकून देणें, एका बाजूनें चावणें, तोंडाला दुर्गंधि येणें, हीं दातांचीं आणि हिरड्यांचीं लक्षणें. दहा वर्षांनंतर वर्षांतून दोनदां रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घेतला, तर यांतलें बहुतेक वेळींच कळतें.

मनीला पशुवैद्यांनीं दोन खराब दाढा काढून आणि मऊ, कोमट, ओलें मांसान्न देऊन पुन्हां उभी केली. सहा महिन्यांत ती ३ किलो १०० ग्रॅमवर आली आणि एके दिवशीं परत खिडकींत जाऊन बसली. पुढच्या वर्षीं तपासणींत मूत्रपिंडें थकल्याचें दिसलें, तेव्हां तिला त्या विकारासाठीं तयार केलेलें अन्न सुरू केलें. या अन्नांत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी ठेवलेला असतो आणि प्रथिनें बेताचीं पण उत्तम प्रतीचीं असतात. त्याचा उपयोग केवढा होतो, हें २००६ सालच्या एका अभ्यासानें दाखविलें : मूत्रपिंडाचा विकार असलेल्या ४५ मांजरांवर दोन वर्षें लक्ष ठेवलें, तेव्हां साध्या अन्नावरील २३ मांजरांपैकीं पांच त्या विकारानें दगावलीं, पथ्याच्या अन्नावरील २२ मांजरांपैकीं एकही नाहीं. मात्र हें पथ्य रोग्याचें आहे; निरोगी वृद्ध मांजराला तें आपल्या मनानें सुरू करूं नये.

आणि पथ्याचें अन्नही पोटांत गेलें तरच पथ्य! मनीनें पहिल्या दिवशीं तें हुंगून त्यावर माती लोटल्यासारखे पंजे मारले. पशुवैद्य म्हणाले, "न खाल्लेलें उत्तम अन्न हें खाल्लेल्या साध्या अन्नापेक्षां वाईट. घाई करूं नका." आम्हीं जुन्या अन्नांत तें चमच्या-चमच्यानें वाढवीत नेलें, पुरा बदल व्हावयास पांच आठवडे लागले. त्यानंतर ती जवळजवळ दोन वर्षें आमच्यांत राहिली. तिनें सोळावें वर्ष पाहिलें. शेवटच्या आठवड्यांत ती आत्याच्या पांघरुणांत निजत असे, आणि कधीं त्या गॅलरींत न गेलेली आत्या तिची कोमट ताटली स्वतः हातानें आणून तिच्यापुढें धरी.

मला हळहळ वाटते ती त्या शेवटच्या आठवड्याची नाहीं. तो सर्वांनाच येतो. हळहळ वाटते ती तिसऱ्या मजल्यावरच्या त्या चार वर्षांची, जेव्हां आमच्या मायेला तोटा नव्हता आणि मनी मात्र अर्धपोटीं होती. माया बशीभर असून भागत नाहीं; बशींत काय आहे, तें पोटांत गेलें का, आणि अंगीं लागलें का, हे तीन प्रश्न तिनें विचारावे लागतात. आपल्या घरीं दहा वर्षांवरचें मांजर असेल, तर हें भाषण संपल्यावर एवढेंच करा. त्याला उचलून घ्या, पाठीच्या कण्यावरून हात फिरवा, आणि काट्यावर उभे राहा. जो आंकडा येईल तो आजच्या तारखेखालीं लिहून ठेवा. पुढच्या महिन्यांत त्या आंकड्याशेजारीं दुसरा आंकडा आला, म्हणजे आपलें मांजर आपल्याशीं बोलूं लागलें असें समजा.